आठवड्याचे चार गुरुवार

"द्वारके, इथली मशीद कुणी नेली?"

तात्या भर रस्त्यात उभे राहून मला विचारत होते. दुपारचे तीन वाजून गेले होते, मांडवीतला बाजार ऐन भरात होता, आणि गोण्यांनी लादलेली हातगाडी "बाजू, आजोबा, बाजू!" करत आमच्या अंगावर येत होती. द्वारका म्हणजे माझी आत्या. तिला जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. मी रजनी, तात्यांची मुलगी, तेव्हा अडतीस वर्षांची. पण हातगाडी अंगावर येत असताना माणसानं दुरुस्त्या काढत बसू नये. मी त्यांना दंडाला धरून एका खजूरवाल्याच्या दुकानाशी ओढलं आणि दोघं भिंतीला पाठ लावून उभे राहिलो.

"कुणी नेणार, तात्या? असेल इथंच."

"इथंच होती. परवापर्यंत होती."

खजूरवाला तराजूत खजूर टाकता टाकता आमच्याकडे बघत होता. "काय मास्तर, आज सोबत आणली?" असं तात्यांना म्हणून मग मला म्हणाला, "तुम्ही पुढं चालत होता का?"

"हो. म्हणजे त्यांना रस्ता—"

"तेच चुकलं. त्यांना पुढं सोडायचं. त्यांचे पाय जातात बरोबर. तुम्ही पुढं झालात की ते तुमच्या मागं येणार, आणि तुम्हाला तर रस्ता माहीत नाही."

"पण मशीद आहे कुठं?"

"तुमची पाठ लागलीय ना, ती मशीदच आहे."

मी वळून बघितलं. खजुराच्या खोक्यांमागे काळ्या दगडाची भिंत होती. ती पार वरपर्यंत गेली होती आणि वर गेल्यावर तिला महिरपी फुटल्या होत्या. खालच्या अंगाला सगळी दुकानंच. खजूर, दोरखंड, ताडपत्र्या, मोबाइलची कव्हरं. दोन-अडीचशे वर्षांची मशीद आणि तिला पदरासारखा बाजार खोचलेला. मी गिरगावात जन्मले, इथून चालत पाऊण तासावर वाढले, आणि ही भिंत कधी पाहिली नव्हती.

तात्यांनी मात्र भिंतीला तळवा लावला होता. "हीच," ते म्हणाले आणि चालू लागले. मी मुकाट त्यांच्या मागे.

इथं आमच्या घरची भानगड सांगायला हवी. ठाकुरद्वारला आमचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, खातू घड्याळवाले. तात्यांना हे काम त्यांच्या वडिलांनी शिकवलं. तात्यांनी ते माझ्या मोठ्या भावाला, उदयदादाला, शिकवायचं ठरवलं. दादा दोन वर्षं बसला, त्यानं गजराची तीन घड्याळं कायमची गप्प केली आणि पुण्याला विम्याच्या नोकरीत गेला. मला कुणी शिकवलं नाही. मी शाळेतून आले की गल्ल्यावर बसायची आणि तात्यांच्या हातांकडे बघायची. चिमट्याकडे हात गेला की ते मान वर न करता म्हणायचे, "हात लावू नको." मी हात मागे घ्यायची आणि बघत राहायची. बघून बघून आलं. अकरावीनंतर मी दुकानातच राहिले. लग्नाचं जमलं नाही, ते दु:ख आता शिळं झालंय. पण तिसाव्या वर्षीही तात्या जेवायला वर गेले की मी दुरुस्त्या करायची आणि ते आले की उठून गल्ल्यावर बसायची. दुरुस्त झालेल्या घड्याळाकडे ते बघायचे, कानाला लावायचे आणि काही न बोलता खणात ठेवायचे. बोलणं झालंच तर एवढंच: "हात लावू नको."

त्यांची बसायची एक खोड होती. टेबल सरळ, खुर्ची सरळ, पण तात्या त्यावर तिरके बसायचे, डावा खांदा रस्त्याकडे करून. कंबर दुखायची. आई रोज रात्री तेल लावताना करवादायची, "सरळ बसायला काय धाड भरते हो तुम्हाला?" तात्या म्हणायचे, "उजेड येत नाही." खरं तर उजेड पुढूनच यायचा.

आई गेली. त्यानंतर तात्यांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग नावं, मग वार. चहाला जातो म्हणून बाहेर पडायचे ते दोन-दोन तासांनी यायचे. मला वाटायचं, वाचनालयात बसत असतील. त्या नोव्हेंबरात मात्र एका भल्या माणसानं त्यांना डोंगरीतून टॅक्सीत घालून आणून सोडलं. उदयदादाचा त्याच रात्री फोन.

"बस झालं रजू. पुढच्या रविवारी येतोय मी. दुकान बंद करू. तात्या माझ्याकडे राहतील."

"तिथं दिवसभर करतील काय ते?"

"इथं काय करतात? सांग ना. एक तरी काम आता धडपणे जमतं का त्यांना? एक सांग, मी गप्प बसतो."

एक होतं. दर गुरुवारी तात्या मांडवीतल्या एका मशिदीच्या मोठ्या घड्याळाला किल्ली द्यायला जायचे. त्यांचे वडील जायचे, नंतर ते. त्या घड्याळाची पितळी किल्ली त्यांच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात असायची. आंघोळीलासुद्धा काढायचे नाहीत. मला त्यांनी कधी नेलं नव्हतं आणि मीही कधी नेता का म्हटलं नव्हतं. मी ठरवलं, आपण जाऊन बघायचं. त्यांना ते जमत असेल तर दादाला तसं सांगायचं. जमत नसेल तर... तर काय, ते मी ठरवलं नव्हतं.

बुधवारी दुपारी तात्या डबा अर्धा टाकून उठले आणि म्हणाले, "आज गुरुवार." मी वादात पडले नाही. रविवार जवळ आला होता. म्हटलं, चला.

तात्यांचे पाय दोन वळणं घेऊन बरोबर दारात गेले. दार केवढं, तर ताडपत्रीवाल्याच्या दुकानाइतकंच. पण आत पाऊल टाकलं आणि बाहेरचा गोंगाट कुणी उशीखाली दाबावा तसा झाला. मोठं दगडी अंगण, मधोमध हौद, हौदात लालसर मासे. एक साठीचे गृहस्थ पांढरी टोपी नीट करत लगबगीनं आले.

"या मास्तर, या. आज कोण, बाईसाहेब कोण?"

तात्या माझ्याकडे बघून अडखळले. मीच म्हटलं, "मी त्यांची मुलगी. रजनी."

"अरे वा! मी गनी. अब्दुलगनी परकार, दापोलीचा. इथलं झाडलोटीपासून हिशेबापर्यंत सगळं मीच बघतो." मग जरा संकोचून म्हणाले, "ताई, तेवढा डोक्यावर पदर घ्याल? आतल्या दालनात बाया जात नाहीत. पण घड्याळ ओसरीवरच आहे. तिथवर काय हरकत नाय."

माझ्या अंगावर पंजाबी ड्रेस होता. ओढणी डोक्यावर घेतली. चपला कुठं ठेवाव्या ते कळेना, तेव्हा तात्या म्हणाले, "डावीकडे, तिसरा खण." तिसऱ्या खणात खरंच जागा होती. बाकीचे भरलेले. माझा जीव हलका झाला. चपलांचा खण लक्षात आहे म्हणजे बरंच काही लक्षात असणार.

मोठं घड्याळ ओसरीच्या भिंतीवर होतं. शिसवी पेटी, लंबक ताटलीएवढा, आवाज असा की जणू कुणी म्हातारा जपून जिना उतरतोय. गनीभाईंनी स्टूल आणलं. तात्या वर चढले, मी खालून त्यांच्या पोटऱ्या धरल्या. त्यांनी गळ्यातली किल्ली काढून न चाचपडता भोकात घातली. हात अजिबात थरथरला नाही. मी मनातल्या मनात दादाला म्हटलं, बघ.

एक वेढा. दोन. अडली.

"झालं," तात्या म्हणाले आणि उतरले.

मी गोंधळले. आठ दिवसांचं घड्याळ. गेल्या गुरुवारी किल्ली दिली असेल तर आज बुधवारी बारा-तेरा वेढे तरी बसायला हवेत. दोन वेढ्यांत भरलं म्हणजे ते काल-परवाच कुणीतरी भरलेलं. कुणी? किल्ली तर एकच, आणि ती यांच्या गळ्यात. की आतली स्प्रिंग अडकतेय आणि तात्यांच्या हाताला ते कळत नाहीये? मी गनीभाईंकडे बघितलं. ते लंबकाकडे बघत होते.

"चला मास्तर, हात धुवा. चहा मागवलाय."

"साखर कमी."

"ठाऊक आहे ओ, साखर कमी."

दोघं हौदाकडे गेले. मी ओसरीवर एकटी राहिले आणि तेव्हा मला तो फळा दिसला.

मोठ्या घड्याळाच्या बाजूला, काच लावलेली लाकडी चौकट, आणि तिच्यात एका ओळीत सहा लहान घड्याळं. सहाही बंद. एक पावणेसहावर मेलेलं, दोन सव्वाला, एक साडेचारला, एक सहाला, एक पावणेआठला. प्रत्येकाच्या खाली उर्दूत काहीतरी लिहिलेलं. मला वाटलं, देणाऱ्यांची नावं असतील. आपल्या देवळात पंख्याच्या पात्यावरसुद्धा असतात.

मी जवळ गेले. ती घड्याळं आमची होती. डावीकडून दुसऱ्याच्या तबकडीवर साताच्या आकड्याशी टवका उडालेला. मी नववीत असताना तो माझ्याच हातून उडाला होता. तात्यांनी नंतर ते घड्याळ कुणाला दिलं ते मला कळलं नव्हतं. इथं दिलं होतं तर. सहाच्या सहा आमच्या दुकानातून आलेली. आणि सहाच्या सहा मेलेली. तात्या दर आठवड्याला इथं येतात, मोठ्या घड्याळाला दोन वेढे देतात, "झालं" म्हणतात, आणि ही सहा प्रेतं त्यांना दिसत नाहीत. आणि ही माणसं त्यांना काही न बोलता वर चहा पाजतात.

मला लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला, की मला हाक मारली असती तर एका सुट्टीत सहा उभी केली असती.

चौकटीला साधी कडी होती. मी इकडेतिकडे बघितलं. गनीभाईंची पाठ होती. माझ्या मनगटावर तीन चाळीस झाले होते. मी डावीकडून सुरुवात केली. काटे लोण्यातून फिरावेत तसे फिरले, काही जोरच नाही. म्हणजे आतलं सगळं गेलेलं. म्हटलं, आता निदान वेळ बरोबर दिसू दे. उद्या येऊन उतरवून नेते आणि कुणाला न कळता दुरुस्त करते. एक, दोन, तीन... सहाही तीन चाळीसवर लावली, कडी घातली, ओढणी सारखी केली आणि खांबाला टेकून उभी राहिले. सहा घड्याळं एका वेळेला बघून मला बरं वाटलं. आमच्या धंद्यातल्या माणसाला त्यानं बरं वाटतंच.

एक काठीवाले बुजुर्ग आत आले. खणात जोडे ठेवले, फळ्याकडे बघितलं, मनगटाकडे बघितलं, परत फळ्याकडे बघितलं.

"गनी!" ते ओरडले. "अरे ओ गनी! आज पाचही नमाजा पावणेचारला?"

गनीभाई चहाचा पेला घेऊन धावत आले. फळ्याकडे बघून त्यांचं तोंड उघडं राहिलं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्यांना हसू फुटायला लागलं ते आवरेना.

"ताई, तुमी?"

"बंद होती म्हणून... मी फक्त..."

"बंदच असतात ती! त्यांच्यात मशीन नाय ओ. नुसत्या तबकड्या नि काटे. कुठली नमाज किती वाजता, ते लोकांना कळावं म्हणून. ही फजरची, ही जोहरची, ही असरची, ही मगरिबची, सूर्य मावळल्यावरची. मास्तरांनीच करून दिलाय हा फळा, तुटक्या घड्याळांचा."

बुजुर्ग काठीवर हनुवटी टेकून म्हणाले, "एक नमाज पढून दिवसभराची सुट्टी. बाई, तुम्ही वीस वर्षं आधी यायला हवं होतं."

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. तीस वर्षं घड्याळांत काढली, आणि घड्याळ आहे की नुसता चेहरा, एवढं कळलं नाही. काटे इतके सैल लागले तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी घड्याळं बघतच नव्हते. मी तात्यांची चूक झाकत होते.

आणि तेवढ्यात तात्या आले. ओल्या हातांनी. त्यांनी फळ्याकडे बघितलं. पुरता एक मिनिट बघितलं.

"कुणी केलं हे?"

बुजुर्ग बाहेर हौदाकडे सटकले.

तात्या माझ्याकडे वळले. त्यांच्या डोळ्यांत द्वारका नव्हती, कुणी परकी बाईही नव्हती. "रजू. तुला किती वेळा सांगितलं, हात लावू नको?"

किती महिन्यांनी त्यांनी मला रजू म्हटलं होतं. मला ओरडा बसत होता आणि मी दात दाखवत उभी होते.

त्यांनी हात धोतराला पुसले, कडी काढली आणि उजवीकडून सुरुवात केली. उजवीकडून! उर्दू उजवीकडून वाचतात, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. पहिलं पाचवर. दुसरं सव्वाला. तिसरं सव्वापाचला. चौथं सात वाजून वीस. पाचवं नऊला दहा कमी. शेवटचं, शुक्रवारचं, सव्वाला. एकदाही थांबले नाहीत, कागद नाही, चष्मा नाही. एका बोटानं, लहान मुलाच्या कपाळावरचे केस सारावेत तसे काटे सारले. कडी घातली.

"गनी, बघ."

गनीभाईंनी फळ्याकडे बघितलं. "बराबर आहे, मास्तर."

"चहा?"

"हौदापाशी ठेवलाय. माशांना पाव पण ठेवलाय."

तात्या गेले. माझे डोळे भरून आले होते. मी म्हटलं, "गनीभाई, माझा भाऊ म्हणतो यांना एकही काम जमत नाही. तुम्ही बघितलंत ना? पाठ आहे सगळं! रविवारी तुम्ही त्याला फोनवर एवढंच सांगाल?"

तात्या हौदाच्या काठावर नीट बसलेत, त्यांची पाठ इकडे आहे, हे गनीभाईंनी आधी बघितलं. मग सदऱ्याच्या खिशातून घडी घातलेली चिठ्ठी काढली, कडी काढली आणि हळूहळू काटे फिरवू लागले. पाचचं पावणेसहा केलं. सव्वापाचचं साडेचार. सात-वीसचं सहा-दोन.

मी अंगणात बघितलं. चार वाजत होते आणि हौदावरचं ऊन आत्ताच पिवळं पडलं होतं. सूर्य मावळायला सात-वीस? नोव्हेंबरात?

"हे जूनचे टाइम आहेत ताई," गनीभाई माझ्याकडे न बघता म्हणाले. "सूर्य सरकतो तसे नमाजाचे टाइम सरकतात. मास्तरांचे सरकत नाय. दीड वरस झालं, त्यांचा जूनच चाललाय."

दीड वर्षापूर्वीच्या जुलैत आई गेली होती. असल्या गोष्टी जुळवायला गेलं की जुळतात.

"म्हणजे दर गुरुवारी ते जून लावतात आणि तुम्ही..."

"दर गुरुवारी कुठं?" ते हसले. "आमच्याकडे आठवड्याला चार-चार गुरुवार येतात. सोमवारी आले होते, काल आले होते, आज तुमच्यासंगं आले. उद्या खरा गुरुवार, उद्या पण येतील."

दोन वेढ्यांचा उलगडा झाला. काल भरलेलं घड्याळ आज कितीसं भरणार?

"सोमवारी, काल! मग मला कळवलं का नाही कुणी?"

"काय कळवायचं? येतात, किल्ली देतात, चहा पितात, जातात. कधी चुकले तर खजूरवाला पोचवतो, नायतर दोरीवाला. अख्खी गल्ली ओळखते त्यांना. मागच्या हप्त्यात डोंगरीकडे गेले तेव्हा तेवढी आमची नजर चुकली." त्यांनी शेवटचा काटा लावला. "आणि टाइमाचं म्हणाल तर आत इलेक्ट्रिकचा बोर्ड लागलाय तीन वरसं झाली. लाल आकडे. लोक तोच बघतात. हा फळा कोण बघतो? आमच्या त्या काठीवाल्या चाचांशिवाय कोण नाय."

"मग काढून का टाकत नाही?"

गनीभाईंनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी अजून काटेच उलटे फिरवतेय. "मग मास्तर काय लावतील?"

त्यांनी चिठ्ठी माझ्या हातात दिली. मराठीत लिहिली होती, सहा नावं आणि सहा वेळा. "ही या हप्त्याची. तुमी येत असाल तर तुमीच करत जा मागनं. माझं काम वाचेल. फकत उजवीकडनं."

मी चिठ्ठी घेतली. मला आता काहीच कळेनासं झालं होतं. तात्यांना जमतं की जमत नाही? हात येतो, क्रम येतो, बोट थरथरत नाही. फक्त ऋतू चुकतो. दादाला फोनवर हे कसं सांगतात?

चार वाजून गेले तशी माणसं येऊ लागली. आम्ही निघालो. तिसऱ्या खणातून चपला काढून तात्यांनी माझ्याही माझ्यापुढे ठेवल्या. परक्या बाईला ठेवाव्या तशा, जरा लांब, अदबीनं. तेव्हाच मला कळलं की रजू पुन्हा गेली.

या वेळी मी त्यांना पुढं सोडलं. खजूरवाल्यानं लांबूनच मान हलवली. तात्या गर्दीतून कुणालाही धक्का न लावता चालत होते. भुलेश्वरच्या अलीकडे सिग्नलला थांबलो तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"तुम्ही कुठं राहता?"

"ठाकुरद्वारला."

"अरे! आमचं दुकान आहे तिथं. घड्याळांचं. काही बिघडलं असेल तर आणा."

"तुम्ही करता दुरुस्त?"

"आता नजर चालत नाही." सिग्नल सुटला, पण ते हलले नाहीत. मागून शिट्ट्या, हॉर्न. मी त्यांना कडेला घेतलं. ते बोलतच होते. "आमची मुलगी करते. माझ्यापेक्षा बरं करते. तिचा हात हलका आहे."

"तुम्ही शिकवलं तिला?"

"छे. मी मुलाला शिकवलं. ते वाया गेलं." ते स्वतःशीच हसले. "ती बघून शिकली. गल्ल्यावर बसून. मला समोरच्या काचेत दिसायची ना. मी सरळ बसलो की माझ्या खांद्याआड तिला काम दिसायचं नाही, मग मान लांब करायची बिचारी. म्हणून मी जरा तिरका बसायचो." त्यांनी कंबरेवर हात ठेवला. "त्यानं ही कंबर गेली. बायको फार बोलायची."

बस गेली, टॅक्स्या गेल्या. मी विचारलं, "मग तिला हात लावू नको का म्हणायचात?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?" त्यांनी क्षणभर संशयानं बघितलं, मग सोडून दिलं. "ती तशीच आहे. ये बस म्हटलं असतं तर पळाली असती, भावासारखी. नको म्हटलं की दुप्पट लक्ष देऊन बघते. लहानपणापासून."

मी रस्त्याकडे बघत राहिले. रस्ता पाण्यातून दिसावा तसा दिसत होता.

"तुम्ही ठाकुरद्वारलाच जाताय ना?" तात्यांनी गळ्यात हात घातला, काळा दोरा डोक्यावरून काढला आणि पितळी किल्ली माझ्या तळव्यावर ठेवली. किल्ली त्यांच्या छातीच्या उबेनं गरम होती. "एवढं तिच्याकडे द्या. खातूंचं दुकान म्हणा, कुणीही दाखवेल. म्हणावं, उद्या गुरुवार आहे, तू जा. मला आता स्टुलावर चढवत नाही."

"उद्या गुरुवार," मी म्हटलं.

"मग? आज बुधवार नाही का?"

होता. आज बुधवारच होता.

रविवारी उदयदादा आला. तात्या झोपले होते. त्यानं चहाचा कप खाली ठेवला आणि सरळच विचारलं, "हं, सांग. जमतंय का त्यांना एक तरी काम?"

मी ओढणीखाली किल्ली चाचपली. सोळा वर्षं झाली, ती अजून तिथंच असते.

"जमलं," मी म्हटलं. "परवा बुधवारी एक जमलं."